डॉल्बीची वायर

“सर, बॉल ऐकूच येईना!” ऋतू खेळपट्टीवरून ओरडली आणि तिनं बॅट जमिनीला टेकवली.

मी मांडवाच्या सावलीत बसले होते, ती ताडकन उठून उभी राहिले. मैदानाच्या पलीकडं, तारेच्या कुंपणाला लागून मारुतीचं देऊळ आहे. त्याच्यासमोर एक परण्या येऊन थांबला होता. पुढं घोड्यावर नवरदेव, त्याच्या मागं ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भिंतीएवढा डॉल्बी. लग्नाआधीच्या या मिरवणुकीत नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो, तो आत गेला की बाहेरची पोरं नाचायला लागतात आणि मग तासभर कुणी हलत नाही, हे आमच्या विट्याकडं सगळ्यांना ठाऊक. त्या डॉल्बीचे दणके असे, की माझ्या हातातल्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं.

पंचांनी हात वर करून खेळ थांबवला.

हा सामना होता अंध मुलींच्या दोन शाळांचा. एरवीच्या क्रिकेटपेक्षा फार वेगळा नसतो तो. चेंडू प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या पोटात लोखंडी छर्रे असतात. तो जमिनीवरून खुळखुळत येतो आणि आवाजाच्या अंदाजानं मुली फटका मारतात. बघायला आलेल्यांनी चेंडू थांबेपर्यंत गप्प बसायचं, हा नियम. माझ्या ऋतूला जन्मापासून दिसत नाही. अजिबातच न दिसणाऱ्या मुलीनं काढलेली धाव दुप्पट धरतात. आमच्या शाळेला जिंकायला सात धावा हव्या होत्या, शेवटची जोडी खेळत होती आणि बॅट ऋतूच्या हातात होती.

जिंकणं-हरणं एवढंच नव्हतं त्यात. पुण्याहून निवड समितीच्या बाई आल्या होत्या. राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या. आणि घरी ऋतूच्या आप्पांनी ठरवून टाकलं होतं की, या मे महिन्यानंतर शाळा बंद. “लिहाय-वाचाय आलं, बास झालं. आता घरात बसू दे.” ऋतूला शिकवणारे म्हेत्रे सर मला म्हणाले होते, “वहिनी, एकदा तिची निवड होऊ द्या. मग मी स्वतः येऊन तिच्या वडिलांशी बोलतो.” एवढ्या एका आशेवर मी त्या दिवशी घराबाहेर पडले होते. पोर क्रिकेट खेळते, हे आप्पांना माहीतच नव्हतं.

पुण्याच्या बाईंनी घड्याळ बघितलं. “सर, मला संध्याकाळच्या आत सोलापूरला पोचायचंय. तिथंही सामना आहे. हा आवाज थांबणार नसेल तर खेळ इथंच सोडून द्यावा लागेल. अर्धवट सामन्यावर मी कुणाची निवड कशी करू?”

“पाच मिनिटं द्या बाई, आलोच मी,” म्हणून म्हेत्रे सर कुंपणाकडं पळाले.

सर म्हणजे अगदी साधा, हळू बोलणारा माणूस. आम्ही इकडून बघत होतो. सरांनी एकाच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं सरांच्या डोक्यावर फेटा ठेवला. सरांनी दुसऱ्याला सांगितलं. त्यानं सरांचा हात धरून त्यांना घोळक्यात ओढलं. थोड्या वेळानं सर परत आले ते फेटा तिरका झालेला आणि अंगभर गुलाल.

“कुणाला काही ऐकूच जात नाही हो,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं होतं.

“सर, तुमी बसा जरा,” माझ्या शेजारून जुबेदाभाभी उठली. “चल गं शालन.”

ही जुबेदाभाभी नसती तर त्या मैदानात मीही नसते आणि ऋतूही नसती. तिचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. तिचा समीर पायानं अधू. शाळेत त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर, म्हणून हेडमास्तरांनी नाव घालून घ्यायला नाही म्हटलं, तेव्हा ही पोराला मांडीवर घेऊन रोज शाळेच्या पहिल्या पायरीवर बसायची. भांडण नाही, तंटा नाही. येणाजाणाऱ्यानं विचारलं की सांगायची, “वर्ग खाली यायची वाट बघतोय.” शेवटी वर्ग खाली आला. तेव्हापासून ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्या बाया बाजारादिवशी तिच्या दुकानामागच्या खोलीत जमायला लागल्या. कुणाला दाखला मिळत नसायचा, कुणाला कंडक्टर गाडीत घेत नसायचा. भाभी सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि मग चपला घालायची. म्हणायची, “चला, जाऊन विचारू.” तिची सगळी चळवळ म्हणजे या चपला घालणं.

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली ती दिवाळीच्या बांगड्या भरायला. ओसरीवर सासूबाईंच्या हातात बांगड्या चढवत होती. आतल्या खोलीतून ऋतू बोलली, “त्यातली एक पिचकलीया. आवाज बद्द येतोय.”

भाभीनं हात थांबवला. “आत कोण हाय?”

“कुणी न्हाई,” सासूबाई म्हणाल्या.

“मग हे कुणी न्हाई बोललं कसं?” असं म्हणून ती सरळ आत गेली. ऋतू तेव्हा दहा वर्षांची होती आणि अंगणाच्या पलीकडं तिनं पाऊल टाकलेलं नव्हतं. भाभी तिच्याशी तासभर बोलत बसली. त्यानंतर ती आठवड्याला यायची, बांगड्या घ्यायच्या असोत-नसोत. सासूबाई दमल्या, मग मी आप्पांना फोन केला, मग तेही दमले. ऋतूचं नाव निवासी शाळेत पडलं. तिथं तिच्या हातात कुणीतरी बॅट दिली. आणि या सामन्यासाठीही भाभीच म्हेत्रे सरांच्या मागं लागली होती. “शाळेच्या चार भिंतीत काय खेळवताय? आमच्या गावात खेळवा. आमच्या पोरी काय करत्यात ते गावाला दिसू दे की.”

तर ती भाभी आता पदर खोचून कुंपणाकडं निघाली होती, आणि मी तिच्या मागं. तारेतून वाकून पलीकडं निघालो. घोळका जवळ आला तसे मला ओळखीचे चेहरे दिसायला लागले. गुलाबी फेटे. घोड्याच्या बाजूला सोन्याच्या गोफाचा, पांढऱ्या कपड्यांतला थोराड माणूस. माझे पाय तिथंच थांबले.

“भाभी, ह्ये संपतशेठचं लग्न हाय. आमच्या शेठचं. त्यांच्या थोरल्या पोराचं.”

आमच्या भागातली निम्मी माणसं परमुलखात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम करतात. ऋतूचे आप्पा कोइमतूरला संपतशेठच्या दुकानात भट्टीवर होते. वर्षातून दोनदा घरी यायचे. आत्ता आले होते ते याच लग्नासाठी. लग्न इथल्या कार्यालयात आहे एवढं मला माहीत होतं. पण परण्या नेमका या वाटेनं येईल, आणि नेमका आत्ता येईल, हे कुठं माहीत होतं?

“बरं झालं की,” भाभी म्हणाली. “वळखीचं निघालं.”

“भाभी, ऋतूचे आप्पा हितंच आसतील. त्यांची नोकरी हाय!”

“मग माघारी जाऊया?” तिनं माझ्याकडं बघितलं. त्या गोंगाटात ती ओरडूनच बोलत होती, तरी आवाजात राग नव्हता. “तू म्हणशील तसं. पोर तुझी हाय.”

मी मागं बघितलं. उन्हात, खेळपट्टीच्या मधोमध ऋतू बॅट धरून तशीच उभी होती. मांडवात येऊन बस म्हणून तिला कुणीतरी सांगत असावं, ती मान हलवत होती. डोकं एका बाजूला कलतं करून ती आवाज थांबायची वाट बघत होती.

मी पुढं झाले.

आप्पा ट्रॉलीजवळच होते. फेटा बांधलेला, हात वर करून पोरांना पुढं सरकायला सांगत होते. मला बघून त्यांचा हात तसाच वर राहिला. मग ते माझ्याकडं धावले आणि दंडाला धरून त्यांनी मला बाजूला घेतलं.

“तू हितं काय करतीस?”

“आवाज बंद करा! ऋतू खेळतीया!”

“काय?”

“ऋतू! क्रिकेट! त्या मैदानात!”

त्यांनी मैदानाकडं बघितलंसुद्धा नाही. “याड लागलं का तुला? आंधळी पोर काय क्रिकेट खेळतीया? घरला जा. शेठ बघत्यात.”

“आवाज बंद केल्याबिगर जायची न्हाई मी.”

“शालन, घरला जा म्हणतो ना!”

माझं बोलणं त्यांना निम्मं कळत होतं, त्यांचं मला. आमच्या दोघांच्या मध्ये तो दणका होता. मी भाभीला शोधलं. ती डॉल्बीवाल्या पोराशी हातवारे करत होती आणि तो हसून मान हलवत होता. माझी नजर ट्रॉलीच्या मागच्या बाजूला गेली. तिथं जनरेटर होता. त्यातून एक जाड काळी वायर निघून डॉल्बीत गेली होती.

तोवर मी आयुष्यात कुणाशी मोठ्यानं भांडलेली नव्हते. सासूबाईंना उलटून बोललेली नव्हते. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा मला जमायची नाही. ते सगळं त्या क्षणी कुठं गेलं, मला आजही सांगता येणार नाही. मी आप्पांच्या हातातून दंड सोडवला, पदर कमरेला खोचला, ट्रॉलीच्या मागं गेले, वायरीची पिन दोन्ही हातांनी धरली आणि पाय रोवून उपटली.

एकदम सगळं थांबलं. वर गेलेले हात वरच राहिले. एक पोरगा उडी मारून खाली आला तो नुसता धप्प करून. घोड्याच्या पायातले घुंगरू तेवढे वाजले. जनरेटर एकटाच घरघरत राहिला.

“कुणी बंद केला रं?” संपतशेठ गरजले.

माझ्या हातात वायर तशीच होती. “मी केला.”

माणसं बाजूला झाली. शेठ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझे शब्द मागून कुणी ढकलावं तसे बाहेर पडले.

“शेठ, माझी पोर त्या मैदानात बॅटिंग करतीया. तिला दिसत न्हाई. बॉल वाजतो, तेवढंच तिला कळतं. तुमच्या आवाजात तिला बॉल ऐकू येईना. पुन्यास्नं बाई आल्यात, त्या आता निघून जातील. तुमच्या घरी आनंदाचा दिवस हाय, मला तो मोडायचा न्हाई. पण माझ्याबी पोरीचा आजचाच दिवस हाय. जरा वेळ गप बसा. मग रातभर वाजवा, मी स्वतः नाचीन.”

कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. शेठनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“कुणाची बाई ही?”

भाभी एक पाऊल पुढं आली होती, पण मी तिच्याकडं बघितलं नाही. मी आप्पांकडं बघत होते. ते फेट्याचं टोक बोटांत पिळत, जमिनीकडं बघत उभे होते. ते काहीच बोलणार नाहीत, असं मी मनात धरून टाकलं होतं.

“माझी मालकीण हाय, शेठ,” ते म्हणाले.

शेठ वळले. “हणमंता? अरं, पण ही पोरीचं काय म्हणती? तुला तर मूलबाळ न्हाई म्हणला हुतास तू.”

त्या क्षणी ते वाक्य माझ्या कानांवर नुसतं आदळलं. चौदा-पंधरा वर्षं हा माणूस तिथं परमुलखात चार माणसांत बसत होता, जेवत होता, घरच्या गप्पा मारत होता, आणि त्या गप्पांत माझी पोर जन्मालाच आलेली नव्हती. ओसरीवर सासूबाई म्हणाल्या होत्या तेच. कुणी न्हाई.

आप्पांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. फेट्यातून घाम कपाळावर ओघळत होता.

“हाय, शेठ,” ते म्हणाले. “पंधरा वर्सांची हाय. ऋतुजा नाव हाय तिचं.”

मग ते माझ्याकडं न बघता पुढं आले आणि खाली वाकून त्यांनी जनरेटरही बंद करून टाकला.

आता इतकी शांतता झाली, की कुंपणापलीकडून मुलींचं बोलणं ऐकू आलं. शेठनी मैदानाकडं मान केली. “बॉल ऐकून मारत्यात म्हणतीस?”

“व्हय.”

“चला रं बघू,” ते म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी कुंपणाकडं चालायला लागले.

मग काय! अख्खा परण्या त्यांच्या मागं निघाला. फेटेवाले, नऊवारीतल्या बाया, ढोलकीवाले, डॉल्बीवाला पोरगासुद्धा. देवळातून नवरदेव बाहेर आला तो वऱ्हाड कुठं गेलं म्हणून इकडं तिकडं बघत राहिला आणि मग मुंडावळ्या सावरत पळत आला. भाभी कुंपणाजवळ उभी राहून एकेकाला बजावत होती, “खोकायचं न्हाई. शिट्टी न्हाई. टाळी न्हाई. बॉल थांबल्याबिगर हूं का चूं न्हाई. अहो भाऊ, त्या घोड्याचं घुंगरू धरा!” घोडेवाला खरंच खाली बसला आणि त्यानं घोड्याच्या पुढच्या पायांतले घुंगरू मुठींत आवळून धरले. आप्पा तारेला अगदी चिकटून उभे होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

पंचांनी हात खाली केला.

“रेडी?” गोलंदाज मुलीनं विचारलं.

“यस,” ऋतू म्हणाली.

“प्ले!”

चेंडू खुळखुळत आला. ऋतूनं गुडघा टेकून बॅट फिरवली. चुकलं. चेंडू मागं यष्टिरक्षकाच्या हातात गेला. दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला, तेवढाच आवाज झाला.

“रेडी?”

“यस.”

“प्ले!”

या वेळी मी डोळे मिटले. का ते माहीत नाही. खुळखुळ, खुळखुळ, जवळ, आणखी जवळ, आणि मग टाक! मी डोळे उघडले. चेंडू गवतावरून तीरासारखा निघाला होता. एक मुलगी आवाजाच्या रोखानं झेपावली, तिच्या बोटांपुढून तो निसटला. दुसरी धावली, ती पोचायच्या आत तो चुन्याची रेघ ओलांडून थेट आमच्यासमोर कुंपणाला येऊन थडकला. चौकार. दुप्पट म्हणजे आठ. सामना जिंकला होता.

आणि कुणीही ओरडलं नाही!

भाभीनं इतकं बजावलं होतं, की कुणाची हिंमतच होईना. बायांनी तोंडावर हात धरले होते. शेठ दोन्ही मुठी वर करून, तोंड उघडून, पुतळ्यासारखे उभे. घोडेवाला अजून घुंगरू धरून होता. आता ओरडायचं का नाही, हे एकमेकांच्या तोंडाकडं बघून विचारत होते सगळे. आणि तिकडं ऋतू गोंधळून गेली होती. फटका बसला एवढं तिला कळलं होतं. पुढं काय झालं ते कळत नव्हतं. तिला वाटलं, झेल गेला.

“कुठं गेला?” तिनं विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता. “सांगा की कुणीतरी! कुठं गेला बॉल?”

“चौकार!”

माझ्या शेजारून एवढा मोठा आवाज आला, की मी दचकले. आप्पांनी तार दोन्ही हातांनी धरली होती आणि मानेच्या शिरा ताणून ते ओरडत होते. “चौकार हाय, ऋते! चौकार! जितलीस तू! जितलीस!”

ऋतूनं झटकन तोंड फिरवलं. वर्षातून दोनदा ऐकलेला आवाज तो. पण तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

“आप्पा?”

मग मात्र बांध फुटला. शिट्ट्या काय, टाळ्या काय, घोडासुद्धा खिंकाळला. आप्पा तारेवरून चढून पलीकडं गेले, सदरा फाटला तरी त्यांना कळलं नाही. म्हेत्रे सर कधीच मैदानाच्या मधोमध नाचत होते. मी पोचले तेव्हा ऋतू दोन्ही हातांनी आप्पांचं तोंड चाचपत होती. तिचे हात वर फेट्यापर्यंत गेले.

“आप्पा, ह्ये काय घातलंय? तुमचंच लगीन हाय का?”

आप्पा हसायला लागले आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून ते रडले. परमुलखात ते तिचं नावही घेत नव्हते, हे त्यांनी तिला कधी सांगितलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांच्यावर रागवायचं ठरवलं होतं, आणि रागावलेही पुढं, चांगले चार दिवस. पण त्या घटकेला मी फक्त दोघांच्या डोक्यावर माझा पदर धरला, ऊन लागत होतं म्हणून.

लग्नाची वेळ टळली. भटजी फार चिडले. शेठनी दोन्ही शाळांच्या मुलींना जेवायला नेलं आणि पहिल्या पंगतीला बसवलं. मी शब्द दिला होता तसा मला डॉल्बीपुढं नाचायलाही लागलं. भाभीनं सोडलंच नाही.

निवड झाली ऋतूची. शाळा बंद करायचं आप्पांनी पुन्हा नाव काढलं नाही. जूनमध्ये तिला पुण्याच्या शिबिरात सोडायचं होतं. आप्पांनी शेठकडून सुट्टी वाढवून घेतली होती. आम्ही तिघं एसटीनं निघालो. कंडक्टर तिकिटं काढायला आला.

“पुणे. दोन फुल्ल,” आप्पा म्हणाले. “आणि ही माझी मुलगी, हिचा पास हाय. क्रिकेट खेळायला निघालीया. राज्याच्या शिबिरात.”

कंडक्टरनं कौतुकानं मान हलवली आणि तो पुढं सरकला. आप्पांनी पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला. “माझी मुलगी. बॅटिंग करती. दिसत न्हाई तिला, पण आवाजावर मारती.” मग पलीकडच्या बाईंना सांगितलं. मग मागच्या कॉलेजच्या पोरांना, वळून. कऱ्हाड यायच्या आत गाडीत सांगायचा एकही माणूस उरला नाही.

ऋतूनं लाजून ओढणी तोंडावर घेतली. “आप्पा, बास की आता. सगळी गाडी ऐकतीया.”

“ऐकू दे की,” आप्पा म्हणाले.